तंदुरुस्ती एक नव्हे, अनेक!

वर्गातला सर्वांत दणकट मुलगा शाळेच्या खो-खो संघात असतोच असे नाही. उलट एखादा किडकिडीत गडी हुलकावण्या देत दोन-तीन मिनिटे प्रतिपक्षाला झुलवत ठेवतो. मग या दोघांत तंदुरुस्त कोण? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कारण तंदुरुस्ती हा एक गुण नसून अनेक गुणांचा समूह आहे. खो-खोच्या मैदानावर ते एकेक करून ओळखता येतात.

आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात. नववा पाठलाग करतो. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्यापासून बसलेल्या गड्याचे शरीर हलू लागेपर्यंत जो अल्प काळ जातो, तो प्रतिक्रिया-काल. उकिडव्या स्थितीतून अंग उचलायला मांड्यांचे बळ लागते. मग येतो वेग. उठलेल्या गड्याला एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, म्हणून त्याची सारी भिस्त वेगावर!

पळणाऱ्याला मात्र कोठूनही जाण्याची मुभा असते. तोल सांभाळून, वेग फारसा न गमावता झटकन दिशा बदलणे म्हणजे चपळता. सूर मारून गडी टिपताना सांधे व स्नायू पुरेसे ताणले जावे लागतात; ही लवचिकता. आणि नऊ मिनिटांची पाळी संपेपर्यंत पुन्हापुन्हा धावता येणे म्हणजे दम.

हे गुण वेगवेगळे का? शरीरातील ऊर्जेची व्यवस्थाच तशी आहे. पहिल्या काही सेकंदांच्या झेपेला स्नायूंत तयार असलेली ऊर्जा पुरते. धाव लांबली की स्नायूंतील ग्लायकोजेनपासून ऑक्सिजनशिवायही झटपट ऊर्जा मिळते. पण ती फार काळ पुरत नाही. मिनिटामागून मिनिटे धावायचे, तर हृदय व फुफ्फुसे यांनी ऑक्सिजनचा पुरवठा चालू ठेवलाच पाहिजे. म्हणून नुसत्या जोर-बैठकांनी दम वाढत नाही आणि नुसते लांब धावून चपळता येत नाही. ज्या गुणाला सराव मिळतो, तोच मुख्यतः सुधारतो.

एक सोपा प्रयोग करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा व तर्जनी किंचित उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर तुम्हाला सुमारे ०.२ सेकंद लागला. ५ सेंटिमीटर घसरली असती, तर ०.१ सेकंद! अंतर चौपट होते तेव्हा वेळ दुप्पट झालेला असतो. हा गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आहे. पाच-सहा वेळा प्रयोग करून सरासरी काढा.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. अशा संघातही सारे गडी एकाच घडणीचे नसतात. तेव्हा मित्रांनो, संघात निवड झाली नाही म्हणून 'मी दुबळा' असा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नका. आपला कोणता गुण कमी पडतो ते शोधा आणि नेमका त्याचाच सराव करा. कदाचित तुमच्या गुणांना साजेसा खेळ दुसऱ्याच मैदानावर तुमची वाट पाहत असेल!