अवकाशाचे दार उघडले. उंबरठा कोणी ओलांडायचा?

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी ३७ या अग्निबाणाने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह कक्षेत सोडले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला आणि तो यथार्थही होता. तथापि त्या उड्डाणाचा जमाखर्च बारकाईने पाहिला तर एक वेगळीच बाब ध्यानात येते. १०४ पैकी १०१ उपग्रह परदेशी होते; त्यांतील ८८ तर प्लॅनेट या एकट्या अमेरिकन कंपनीचे होते. जेमतेम पाच किलो वजनाचे हे उपग्रह पृथ्वीची छायाचित्रे घेतात आणि ती छायाचित्रे जगभर विकली जातात. या व्यवहारात भारताच्या वाट्याला आले ते वाहतुकीचे भाडे. एके काळी मुंबई बंदरातून कापूस जाई आणि कापड येई. त्या व्यापाराचा धडा दादाभाईंच्या देशाने विसरू नये.

स्वस्ताईचे अर्थशास्त्र

पूर्वी उपग्रह म्हणजे टनावारी वजनाचे, एकेक भाग खास घडवून घेतलेले यंत्र असे. ते निकामी झाले तर वर्षानुवर्षांचे श्रम आणि कोट्यवधी रुपये वाया जात. साहजिकच मोजक्या सरकारांखेरीज कोणी त्या वाटेला जात नसे. मोबाइल फोनसाठी घाऊक प्रमाणावर तयार होणारे सुटे भाग उपग्रहात वापरता येऊ लागले आणि हे गणित पालटले. मोठ्या उपग्रहाबरोबर सहप्रवासी म्हणून जागा मिळू लागली. २४ जानेवारी २०२१ रोजी स्पेसएक्स या खासगी कंपनीने एका खेपेत १४३ उपग्रह नेऊन भारताचा विक्रम मोडला. त्या सुमारास २०० किलोपर्यंतच्या उपग्रहासाठी तिचा दर दहा लाख डॉलर होता. भूतानचा पहिला उपग्रह २०१८ मध्ये आणि नेपाळचा २०१९ मध्ये, जपानी विद्यापीठाच्या साह्याने, कक्षेत गेला, तो या बदललेल्या गणितामुळेच.

परंतु उपग्रह असणे आणि उपग्रहविद्या असणे यांत अंतर आहे. दक्षिण कोरियाने आपले विद्यार्थी इंग्लंडमधील सरे विद्यापीठात धाडले; १९९२ चा किटसॅट-१ त्यांनी तेथे शिकत शिकत घडविला. पुढे किटसॅट-३ मायदेशी तयार झाला आणि २६ मे १९९९ रोजी भारताच्याच अग्निबाणाने तो कक्षेत नेला. पहिला उपग्रह त्या देशाने शिक्षणाचा खर्च मानला, हे त्यातील मर्म होय.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी, तर पवईच्या आयआयटीचा सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी कक्षेत गेला. दोन्ही प्रकल्प वर्षानुवर्षे चालले. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी ते एकमेकींच्या हाती सोपविले. ते कौतुकास्पद आहेतच. प्रश्न आहे तो या विद्येला गिऱ्हाईक कोण, हा.

ढगांखालचे कल्याण

हे गिऱ्हाईक फार दूर शोधण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी कल्याण परिसराची जी दैना केली, ती तेथील रहिवाशांना सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी पाणी कोठवर चढले आहे हे वरून पाहावे म्हटले, तर साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला जुलैत ढगांखेरीज काही दिसत नाही. तेथे रडारच हवे. असे रडार शंभर किलोंहून कमी वजनाच्या उपग्रहात बसविण्याची किमया आयसआय या फिनलंडच्या कंपनीने केली. तिचा पहिला उपग्रह १२ जानेवारी २०१८ रोजी वर गेला, तो श्रीहरिकोट्याहूनच! कल्याणला पावसाळ्यात जो डोळा हवा, तो भारताने वाहून नेला. त्या डोळ्यास जे दिसते, ते मात्र परदेशी कंपनीचा विक्रीचा माल आहे.

३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिका यांनी मिळून सोडलेल्या ‘निसार’ची रडारचित्रे विनामूल्य मिळावयाची आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण तो एकाच जागी बारा दिवसांनी परततो, आणि उल्हास नदीचे पाणी बारा तासांतच चढते. ही उणीव लहान उपग्रहांचा थवाच भरून काढू शकेल.

डोळा आणि हात

तथापि केवळ चित्राने काही साधत नाही. ठाणे खाडीतील खारफुटीचे उदाहरण घ्यावे. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीला संरक्षण दिले आणि तिचे नकाशे उपग्रहचित्रांवरून करण्यास सांगितले. त्या चित्रांना न्यायालयाचे पाठबळ होते, म्हणूनच त्यांना किंमत आली. उलट डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश २०२४ मध्ये न्यायालयाला द्यावा लागला. बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळविलेल्या या इमारतींत सामान्य माणसांनी आयुष्याची पुंजी घातली होती. एखाद्या भूखंडावर पाया केव्हा पडला, मजले केव्हा चढले, हे तारीखवार चित्रांत दिसू शकते. ते पाहून हालचाल करणारा हात नसेल, तर आकाशातील डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी व्यर्थ होय.

२०२० पासून भारताने अवकाशक्षेत्र खासगी उद्योगांस खुले केले, २०२३ मध्ये धोरण जाहीर केले आणि २०२४ मध्ये परकीय भांडवलाची मर्यादा सैल केली. पुरवठ्याची बाजू अशी मोकळी होत आहे; मागणीची बाजू दुबळीच आहे. बाजार आपोआप ही उणीव भरून काढील, अशी आशा व्यर्थ होय. पुराची सूचना सर्वांच्या उपयोगाची असते, म्हणून ती विकत घेण्यास एकटा कोणीच पुढे येत नाही. तो खर्च सार्वजनिक संस्थांनीच उचलावयाचा असतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली या महापालिकांनी मिळून अशा माहितीची काही वर्षांची खात्रीची खरेदी करावी, विनामूल्य मिळणारी चित्रे वाचण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांकडे सोपवावे, आणि त्यांतून निघालेले नकाशे नागरिकांना खुले ठेवावेत. त्यातून विद्यार्थ्यांना काम मिळेल आणि उद्योजकांना गिऱ्हाईक.

विकसनशील देशांपुढे अवकाशाचे दार आज खरोखरच उघडे आहे. त्यातून भाड्याने गाडी हाकणारा म्हणून जावयाचे की मालाचा धनी म्हणून, याचा निर्णय श्रीहरिकोट्यापेक्षा महापालिकांच्या अंदाजपत्रकांतच अधिक होणार आहे.