नळी कोणी काढायची?

मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहिलं, की ‘डामा’ हा शब्द कानावर पडतोच. ‘सात नंबरवाले डामा घेतायत,’ असं सिस्टर वॉर्डबॉयला सांगते. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं. त्यासाठी छापील अर्ज असतो. आम्ही आमच्या जबाबदारीवर नेत आहोत, परिणामांची कल्पना दिली आहे, रुग्णालय जबाबदार नाही. खाली सही, रुग्णाशी नातं, तारीख, वेळ. मग बिल आणि त्यानंतर अ‍ॅम्ब्युलन्स. रुग्ण व्हेंटिलेटरवर असला तर वाटभर हाताने श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग दाबत न्यायचं आणि घरी पोचल्यावर नळी काढायची. जे दवाखान्यात करायला सगळे घाबरतात, ते पत्ता बदलला की होऊन जातं.

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत या प्रसंगाची उत्तरं फार आधीपासून मांडलेली आहेत. काण्टच्या लेखी माणूस हे कशाचंही निव्वळ साधन नव्हे, अगदी स्वतःच्या सुटकेचंही नाही. म्हणून जीवन संपवायला त्याचा ठाम विरोध. मिल दोन बाजूंनी बोलतो. एकीकडे जास्तीत जास्त सुख, कमीत कमी यातना. दुसरीकडे १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’त आपल्या शरीरावर आणि मनावर ज्याची त्याची सत्ता. वैद्यकासाठी बोशँप आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये चार तत्त्वं सांगितली: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं, त्याला अपाय न करणं आणि न्याय. वैद्यकीय नीतीच्या वर्गात आजही ती शिकवतात. पहिल्या तिन्हींवर चर्चासत्रं होतात, चौथ्याचा निकाल बिलिंग काउंटरवर लागतो.

या सिद्धांतांची खरी झटापट पाहायची तर परळच्या केईएम रुग्णालयाकडे वळावं लागतं. अरुणा शानबाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला. मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि पुढची बेचाळीस वर्षं त्या रुग्णालयाच्या एका खोलीत पडून राहिल्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवून खाट मोकळी करायचं ठरवलं. हिशेब चुकीचा होता असं म्हणता येत नाही. सार्वजनिक रुग्णालयात खाटेसाठी ताटकळणारे किती असतात हे केईएमच्या व्हरांड्यात कुणालाही दिसतं. एका खाटेवर वर्षानुवर्षं बरा न होणारा एकच रुग्ण, तर तीच खाट वर्षाला कितीतरी जणांच्या कामी येईल. उपयुक्ततावादाचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण. परिचारिकांनी आंदोलन केलं आणि पालिकेने माघार घेतली.

पुढे पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या देहाला आणखी राबवू नका, अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्या, ही त्यांची मागणी. त्यामागे क्रौर्य नव्हतं, करुणाच होती. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतली आणि ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली. मात्र त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याला, उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून, देशात प्रथमच वाट करून दिली. निर्णायक मुद्दा वेगळाच होता: रुग्णाच्या वतीने बोलायचं कोणी? न्यायालय म्हणालं, भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये मांडलेली काळजीची नीती मुंबईच्या परिचारिकांनी वाचली असेल असं नाही. पण इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण होऊ न देणं हा युक्तिवाद कुठल्याही वकिलाच्या टिपणापेक्षा वजनदार ठरला. मला स्वतःला विराणींचं म्हणणंही पटत राहतं. अरुणाताईंना काय हवं होतं, हे कोणत्याच बाजूला ठाऊक नव्हतं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या.

धर्माकडे आलं की प्रश्नच उलटा होतो. इथे जाणारा माणूस शुद्धीत असतो आणि स्वतःच बोलतो. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे आमरण अन्नत्यागाचं व्रत, घेतली. दृष्टी गेल्यावर पायाखालचा जीव दिसणार नाही, मग अहिंसेचं व्रत पाळायचं कसं, हा त्यांचा विचार. इच्छेपेक्षा कर्तव्य मोठं मानणारा हा तर्क काण्टला ओळखीचा वाटला असता, निष्कर्ष मात्र त्याने साफ नाकारला असता. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबरला, नेमक्या दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. त्याआधी १९६६ मध्ये सावरकरांनीही अन्नत्यागच केला, पण मोक्षाची भाषा न करता. जीवितकार्य संपलं, एवढंच कारण. तिघांची कृती जवळपास एक, आधार तीन.

राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथाऱ्याला, म्हणजे सल्लेखनेलाच, आत्महत्या ठरवलं. जैन समाज देशभर रस्त्यावर आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कॅथलिक परंपरेची मांडणी इथे अधिक उपयोगी वाटते. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे सांगितलं, की साधे उपाय करणं कर्तव्य आहे, असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती नाही. असाधारण कशाला म्हणायचं हे ठरवताना कुटुंबावर पडणारा बोजाही धरायचा. त्या बोज्याचं नाव घ्यायला पोप कचरले नाहीत, आपले निकाल बहुधा कचरतात.

या बोज्यात पैसा आलाच, आणि पैसा तर सगळीकडे आहे. कंपनीचं कर्तव्य नियमांत राहून नफा कमावणं, असं मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये लिहिलं. औषध मूल्य प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक दिवस मिळकतीचा, आणि तो थांबवावा का हे सांगणारा डॉक्टर त्याच मिळकतीच्या साखळीत. डॉक्टर लबाड नसला तरी नातेवाइकाच्या मनात संशय येतोच, आणि संशय आल्यावर खरा सल्लाही धंद्याचा वाटू लागतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही सोय माहीत नसलेले किती जण डामाच्या अर्जावर सही करतात, याची नोंद अर्जात कुठे होते?

तिसरा रस्ताही आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतं. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत उपशामक सेवा देतं. एक धर्मसंस्थेच्या छायेतलं, दुसरं औषध कंपनीचं. दोन्हीकडे नळी काढायची की ठेवायची यापेक्षा वेदना कशी उतरवायची याची चर्चा आधी होते.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचार थांबवण्याबाबत आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला कायद्याचं बळ दिलं. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र करून ते सांभाळायचं कोणी, हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये आपलं इच्छापत्र नोंदवलं. कागद झाला तरी उपचार थांबवायला दोन वैद्यकीय मंडळं लागतात. पहिल्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात वेगळे तिघे, त्यातला एक जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. मग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. पुण्या-मुंबईत हे जमेल. तालुक्याच्या गावी, तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञसुद्धा दुपारी फोन करून बोलवावा लागतो. तिथे सहा डॉक्टर गोळा करण्यापेक्षा छापील अर्ज पुढे करणं सोपं पडतं.