साथीच्या दिवसांत व्यायामाचा तास

प्लेगच्या साली गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिल्याच्या हकीकती जुन्या घरांतून अद्याप सांगितल्या जातात. तो रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांचा. म्हणून घर सोडण्यात शहाणपण होते. २०२० साली आलेला करोना श्वासावाटे पसरणारा; तथापि मोकळ्या हवेची महती त्याही वेळी तितकीच होती, आणि नेमकी तीच आपण विसरलो. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या यावलास मोकळ्या जागेचा काय तोटा? परंतु २०२० च्या मार्चात बंद पडलेल्या शाळा उघडण्यास राज्यात मुभा मिळाली (नववी ते बारावीस २३ नोव्हेंबरपासून, पाचवी ते आठवीस २७ जानेवारी २०२१ पासून), तेव्हा घरोघरी एकच घोष ऐकू येई: बुडालेले गणित आधी, व्यायाम मागाहून. वर्गात बसविण्याची भीती नाही आणि पटांगणाची मात्र भीती, हा न्याय उलटा होता असे आम्हांस वाटते.

स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. नेटाच्या व्यायामात हे मान १०० लिटरच्या घरात जाते. कोंदट खोलीत ही हवा एकाची दुसऱ्याच्या वाट्यास येते. दक्षिण कोरियातील चेओनान शहरी त्या साली १२ व्यायामगृहांतील नृत्यवर्गांच्या पायी ११२ जणांस बाधा झाली. तेथेच एक शिक्षिका सात-आठ जणांस संथपणे योगासने शिकवीत होती; तिच्या वर्गातील कोणासही बाधा झाली नाही.

तेव्हा पुन्हा अशी साथ आली, तर तास बंद करू नये, खेळ बदलावा. हुतूतू आपला लाडका खरा. पण दम घुमवीत प्रतिपक्षाच्या अंगावर जावयाचे आणि सात जणांनी मिळून त्यास धरावयाचे, याहून रोगास सोयीचे काय असणार? मल्लखांबही सर्वांच्या तळव्यांचा. तो काही दिवस राहू द्यावा. सूर्यनमस्कार, जोर, बैठका व दोरीवरच्या उड्या यांस मात्र सोबत्याचा स्पर्श लागत नाही. लेझीम तर जणू याचसाठी निर्माण झाली! रांगा चार-चार हातांवर उभ्या कराव्या, प्रत्येकाची लेझीम निराळी असावी, आणि शिक्षकांनी ओरडून आज्ञा देण्याऐवजी हलगीच्या ठेक्यावर खेळ चालवावा. मुले थोडी, तुकड्या ठरलेल्या. आज या तुकडीत, उद्या त्या तुकडीत असे नको.

धावताना मुखपट्टी नको, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला होता; म्हणून अंतर हेच खरे रक्षण. उभे राहून सूचना ऐकताना पट्टी असावी. खानदेशचा उन्हाळा ध्यानी घेता चैत्र-वैशाखात हा तास सकाळी लवकरच उरकावा.

उरला प्रश्न घराचा, आणि एकत्र कुटुंबात तोच मोठा. मुलास दुखणे बहुधा हलके येते, धोका आजी-आजोबांस. घरात कोणास ताप असेल, तर त्या दिवशी मुलास पटांगणावर पाठवू नये. ही गोष्ट लपविण्यात कसली प्रतिष्ठा? ज्या मुलास रोग होऊन गेला त्यास एकदम पळवू नये. प्रथम चालणे, मग हलके नमस्कार. छातीत दुखले वा धडधड वाढली तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि तासावरून परतलेल्या मुलाने हात-पाय धुऊन, कपडे बदलून, साथ सरेपर्यंत आजोबांशी गप्पा माराव्यात त्या ओसरीवर बसून, माजघरात नव्हे.