मंडळी सोडण्याचा हिशेब

माझे लग्न झाले तेव्हा माहेरच्या पाळकांनी मला एक कागद दिला होता. ही भगिनी आमच्या मंडळीची सभासद असून तिला आपल्या मंडळीत सामावून घ्यावे, अशा आशयाचा तो दाखला. तो घेऊन मी सासरच्या चर्चमध्ये आले. ख्रिस्ती घरातील बहुतेक मुली अशाच एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये जातात; त्याला कोणी ‘चर्च सोडणे’ म्हणत नाही. आज २१ वर्षांनी तसाच दाखला पुन्हा मागावा काय, हा प्रश्न वर्षभर माझ्या मनात घोळतो आहे. या वेळी मात्र त्याला सोडणे असेच म्हटले जाईल.

कारण श्रद्धेचे नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. आमच्या चर्चच्या आवारात रस्त्याच्या बाजूस नऊ दुकानगाळे आहेत. त्यांच्या भाड्याचा आणि अनामत रकमांचा हिशेब गेली चार वर्षे सभासदांच्या वार्षिक सभेपुढे आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मी सभेत तो मागितला, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले, “बाई, हे देवाचे घर आहे, बँक नव्हे.” सभेत हशा पिकला आणि पुढचा विषय सुरू झाला. कोणी पैसे खाल्ले असे माझे म्हणणे नाही. हिशेबच समोर नसताना तसे म्हणण्यास आधार नाही; तसे झाले नाही असे म्हणण्यासही नाही.

या अवधीत अकरा कुटुंबे निघून गेली. त्यांतील बहुतेक गावातील एका सभागृहात भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभेला जातात. तेथे गिटार असते, उपदेश आटोपशीर असतो, आणि गाळे नसल्यामुळे गाळ्यांचे भांडणही नसते. गेलेल्यांत दोन माध्यमिक शिक्षक, एक बँकेतील अधिकारी, एक परिचारिका आणि एक लेखापरीक्षकाकडे काम करणारा तरुण होता. म्हणजे ज्यांना ताळेबंद वाचता येतो असे लोक आधी गेले. मागे राहिली ती निवृत्त मंडळी, विधवा, आणि ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत असे वृद्ध. माझे पतीही दोन वर्षे चर्चला येत नाहीत. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. रविवारी सकाळी ते बाजारात जातात, इतकेच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही घटना अनोळखी वाटणार नाही. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेखानी पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. एखादी संस्था खालावू लागली की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात, असे तो म्हणतो: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा ही तिसरी गोष्ट. ती निघून जाण्यास विलंब लावते आणि आवाजाला अवसर देते. (मराठी बायबलातील दुसऱ्या पुस्तकाचे नावच ‘निर्गम’ आहे, हे हर्शमन शिकविताना दरवर्षी माझ्या मनात येते, वर्गात मी ते बोलत नाही.) या विचाराची सुरुवात नायजेरियाच्या रेल्वेपासून झाली. भुईमुगाच्या वाहतुकीला मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत नव्हती. हर्शमनने दाखवून दिले की स्पर्धा असूनही नव्हे, तर काही अंशी स्पर्धेमुळेच ती सुधारत नव्हती. जे व्यापारी सर्वांत अधिक ओरडले असते तेच मालमोटारींकडे गेले, आणि सरकारी तिजोरीच्या आधारावर असलेल्या रेल्वेला त्यांच्या जाण्याची झळ लागली नाही.

या झळीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडील चर्चांच्या संदर्भात तो फारसा मांडला गेलेला नाही. जी मंडळी सभासदांच्या अर्पणावर चालते तेथे दहा कुटुंबे गेली की थैली हलकी होते आणि समितीला विचार करावा लागतो. परंतु जेथे मिशनच्या काळापासून जमीन आहे, त्या जमिनीवर गाळे आहेत, शाळेचे मैदान लग्नांना भाड्याने जाते, तेथे उत्पन्नाचा ओघ सभासदांवर अवलंबून राहत नाही. तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या राज्यांविषयी हेच म्हटले जाते: राज्यकर्त्याला कर नको असला की त्याला प्रजेचे ऐकण्याचीही गरज उरत नाही. अशा मंडळीतून नाराज सभासद बाहेर पडला तर ज्यांच्यामुळे तो पडला त्यांचे काहीच बिघडत नाही. किंबहुना त्यांची सोयच होते. विरोधकांनी आपणहून परदेशी निघून जावे यासाठी लॅटिन अमेरिकेतील सत्ताधारी उत्सुक असत, असे निरीक्षण हर्शमननेही नोंदविले आहे. चर्चमध्ये झळ बसते ती पाळकांना आणि झाडलोट करणाऱ्या माणसाला. कारण खर्चाला कात्री लागली की ती आधी तेथे लागते.

याउलट स्थिती जर्मनीत आहे. तेथे नोंदणीकृत चर्चसभासदाच्या आयकरावर आठ किंवा नऊ टक्के चर्चकर आकारला जातो आणि पगारदारांच्या बाबतीत तो पगारातूनच वळता होतो. ज्याला चर्च सोडावयाचे असेल त्याने शासकीय कार्यालयात वा न्यायालयात जाऊन तसे लेखी जाहीर करावयाचे असते. म्हणून तेथे प्रत्येक जाणारा मोजला जातो आणि त्याचे जाणे चर्चच्या तिजोरीत दिसते. धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाचा जो अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, त्यात १९४६ ते २०१४ या काळातील ३,६७७ पीडितांची नोंद होती. २०२२ या एका वर्षात पाच लाख वीस हजारांहून अधिक माणसांनी तेथील कॅथलिक चर्च सोडले. त्या सर्वांचे कारण एकच होते असे नव्हे. पण इतकी माणसे मोजून बाहेर पडतात तेव्हा ते जाणे म्हणजेच बोलणे होते. त्याची किंमतही असते. जो असा बाहेर पडेल त्याला प्रभुभोजनासह अन्य संस्कार मिळणार नाहीत, असे तेथील बिशपांनी २०१२ मध्ये जाहीर केले होते.

आपल्याकडे जाणारा कोणी मोजत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. त्यांतील किती जण कोणत्या चर्चमध्ये जातात आणि किती जणांनी जाणे थांबविले, याचा पत्ता जनगणनेला नसतो. माणूस येत नाहीसा होतो, त्याचे नाव यादीत तसेच राहते.

अर्थात सर्वच जाणे एका मापाने मोजता येणार नाही. ज्या ठिकाणी एखाद्या स्त्रीला वा मुलाला धोका आहे, जेथे पाळक किंवा पुढारी आपल्या स्थानाचा गैरवापर करतो, तेथे ‘राहून सुधारणा करा’ असे सांगणे हे क्रौर्य आहे. तेथून आधी बाहेर पडावे आणि मग पोलिसांकडे जावे. हर्शमन तेथे उघडण्याचे कारण नाही. तसेच ज्याचा विश्वासच उरला नाही त्याने केवळ घराण्याची रीत म्हणून बाकावर येऊन बसावे, हेही मला पटत नाही. माझा प्रश्न या दोहोंमधील माणसांचा आहे, आणि संख्येने तेच अधिक आहेत.

मराठी ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात त्यांचा तेथील भगिनींशी सिद्धांतांवरून आणि अधिकारावरून पत्रव्यवहार सुरू झाला. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून आल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यावयाचे नाही, ही त्यांची भूमिका होती. तरी त्यांनी पत्रे लिहिणे सोडले नाही, ती ए. बी. शहा यांनी संपादित केली आणि १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा प्रयत्न केला. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार वाढला नाही. पण त्यांनी काय सोडले, हे नीट पाहिले पाहिजे. त्यांनी मिशनचा पगार सोडला. त्यांची पदे आजही आमच्या उपासनेत गायिली जातात, आणि हिशेब मागणाऱ्या बाईला हसणारे गृहस्थही ती डोळे मिटून म्हणतात.

नगर जिल्ह्याचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, इतिहासही बोलका आहे. अमेरिकन मिशन तेथे १८३१ मध्ये आले. पुढे त्याच शतकात अँग्लिकन मिशनही आले आणि काही कुटुंबे इकडून तिकडे गेली. त्या काळी या सोडण्यावरून मिशनऱ्यांमध्ये कडाक्याचे वाद झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका चर्चमध्ये आले. आजोबा ज्यांना सोडून गेले, त्यांच्याच नातवांच्या शेजारी नातू जाऊन बसला.

सोडण्याचा खर्च कोठे दिसतो म्हणाल तर स्मशानात. शहरात याची कल्पना येत नाही. तालुक्याच्या गावी दफनभूमी चर्चच्या ताब्यात असते आणि जागा सभासदाला मिळते. केरळमध्ये ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट या दोन पक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर इतका टोकाला गेला की प्रेते दफनावाचून राहू लागली, आणि पूर्वजांच्या दफनभूमीत पुरले जाण्याचा हक्क देणारा कायदा तेथील विधानसभेला २०२० मध्ये करावा लागला. आमच्याकडे तेवढा वितुष्टाचा प्रसंग नाही. पण माझ्या सासूबाईंचे वय ७८ आहे. मी चर्च सोडण्याविषयी बोलले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “तुझे सासरे तिथे आहेत. माझी जागा त्यांच्या शेजारी ठेवलेली आहे,” एवढेच म्हणाल्या आणि लसूण सोलू लागल्या.

माझा मुलगा महाविद्यालयात शिकतो. त्याचे म्हणणे असे की, “आई, तू वर्गात स्पर्धेचे गुण सांगतेस आणि स्वतः मात्र एकाच दुकानात जातेस.” ते निरुत्तर करणारे नाही, पण हलकेही नाही. ॲडम स्मिथनेच १७७६ मध्ये लिहून ठेवले आहे की राजाश्रय लाभलेले धर्मगुरू सुस्त होतात आणि अनुयायांच्या देणग्यांवर जगणारे उत्साही असतात. सभागृहातील ती नवी प्रार्थनासभा उत्साही आहे यात शंका नाही. परंतु ती चालविणाऱ्या गृहस्थांना हिशेब विचारण्याची तेथे सभाच नाही. न आवडल्यास पुन्हा निघून जावयाचे, एवढाच हक्क. आमच्या चर्चमध्ये निदान सभा आहे, घटना आहे, आणि कायदा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार अशा न्यासाने हिशेब ठेवून त्यांची तपासणी करून घ्यावयाची असते, आणि न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. उपासनास्थळाच्या बाबतीत अशी व्यक्ती कोण? तर तेथे उपासनेला हजर राहण्याचा जिला हक्क आहे किंवा जी तेथे नेहमी जाते ती. जो निघून गेला त्याच्या पायाखालची ही जमीनच डळमळू लागते. अकरा कुटुंबांनी जाताना आपला राग नेला. त्याबरोबर हा हक्कही नेला.

निष्ठेचा उपदेश सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचा असतो, हे मला समजते. म्हणून मी माझ्या राहण्याला मुदत घातली आहे. निघून जाण्याची शक्यताच नसेल तर आवाजाला कोणी किंमत देत नाही, हेही हर्शमनचेच सांगणे. येत्या वार्षिक सभेत चार वर्षांचे हिशेब ठेवावेत असा लेखी अर्ज आम्ही काही सभासद देत आहोत. ते आले नाहीत तर धर्मादाय कार्यालय. त्यातूनही पुढील ईस्टरपर्यंत काही निष्पन्न झाले नाही तर मी दाखला मागेन, आणि तो का मागते याची कारणे अर्जात लिहीन. पतींसारखे न बोलता बाजारात जाणे मला जमणार नाही. त्यांना मी हे सांगितले. अर्जावर सही करण्यास ते तयार झाले, चर्चला येण्यास नाही.

आतापर्यंत २३ सह्या झाल्या आहेत. त्यांत सासूबाईंचीही आहे. गेलेल्या अकरा कुटुंबांपैकी कोणी सही केल्यास ती चालेल काय, असे मी एका वकिलांना विचारले. त्यांची नावे सभासदांच्या यादीतून कमी झाली आहेत काय, असे त्यांनी उलट विचारले. ती यादी मी चिटणीसांकडे तीन वेळा मागितली आहे. अजून पाहावयास मिळालेली नाही.