नेटलिस्ट काढा, आणि उघडून वाचा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथे फार भरकटलो तिथे कात्री लावली आहे, बाकी बरंचसं जसंच्या तसं.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, किकॅडमध्ये एफ८ दाबलं की स्किमॅटिक थेट बोर्डात येतं. मग नेटलिस्ट एक्स्पोर्ट करायची भानगड आता कशाला?" प्रश्न रास्त आहे. पूर्वी ही फाइल काढल्याशिवाय स्किमॅटिकमधून बोर्डाकडे जाताच येत नव्हतं. आता त्या कामासाठी तिची गरज उरलेली नाही. तरी मी प्रत्येक बोर्डाची काढतो, आणि त्याला कारण आहे माझाच एक फजितवाडा.

काही वर्षांपूर्वी, किकॅडची चार नंबरची आवृत्ती चालू होती तेव्हा, मी दवाखान्यात लावायचा टोकन डिस्प्ले बनवला. दोन आकडे, प्रत्येक आकड्यामागे एक ७४एचसी५९५ चिप. नमुना म्हणून एक बोर्ड आधी करून बघावा, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. मुदत जवळ आली होती म्हणून थेट ५० बोर्ड मागवले. आले, सोल्डर केले, चालू केले. १ दिसला, ११ दिसला. झकास. ८८ लावलं तर आकडे मंद, मध्येच एखादी काडी गायब, मग भलतंच काहीतरी. परत ११ लावलं की सगळं ठणठणीत!

दोन दिवस मी प्रोग्राम तपासत बसलो. प्रोग्राममध्ये काही नव्हतं. शेवटी मीटर घेऊन चिपच्या १६ नंबरच्या पिनवर व्होल्टेज बघितलं. तिथे ५ व्होल्ट हवेत, होते सव्वाचारच्या आसपास. म्हणजे सप्लाय पोचतोय, पण कुठूनतरी चोरवाटेने. ट्रॅक बघितला तर दोन्ही चिपचे १६ नंबरचे पिन एकमेकांना व्यवस्थित जोडलेले, आणि तो ट्रॅक तिथेच संपलेला. पाच व्होल्टच्या लाइनशी त्याचा काही संबंध नाही. आणि तो ट्रॅक मीच ओढलेला, अगदी प्रेमाने.

आता हे झालं कसं? त्या काळच्या लायब्ररीत ७४ मालिकेच्या बऱ्याच चिन्हांचे सप्लायचे पिन लपवलेले असायचे. चित्र सुटसुटीत दिसावं हा हेतू. लपलेला पिन आपल्या नावाच्या नेटला आपोआप जाऊन चिकटतो. पिनचं नाव व्हीसीसी, म्हणून तो व्हीसीसी नावाच्या नेटला गेला. माझ्या सप्लायचं नाव होतं +५व्ही. मला माहीत होतं की दोन्ही एकच. सॉफ्टवेअरला कुठे माहीत? त्याच्या लेखी दोन नावं म्हणजे दोन वेगळ्या जोडण्या.

मग चिप चालत तरी कशी होती? सीमॉस चिपच्या इनपुटवर आतून एक संरक्षक डायोड सप्लायच्या पिनकडे जातो. ५९५चा १० नंबरचा पिन, म्हणजे क्लिअरचा, मी नियमाप्रमाणे +५व्हीला बांधला होता. तिथून त्या डायोडमधून अख्खी चिप वीज ओढत होती, ०.७ व्होल्ट डायोडने खाल्ले, बाकी मिळाले. ही मालिका २ ते ६ व्होल्टवर चालते, त्यामुळे चिपला काही तक्रार नव्हती. पण असा इनपुटचा डायोड २० मिलिअँपिअरच्या पलीकडे ताणायचा नसतो. एका आकड्यात १ दाखवायला दोन काड्या लागतात, ८ला सात. समजलं ना?

सगळ्यात जास्त लागलं ते हे की डीआरसी स्वच्छ होता, शून्य चुका. असणारच. डीआरसी बोर्डाची तुलना नेटलिस्टशी करतो. नेटलिस्टच चुकीची असेल तर बोर्ड त्या चुकीशी इमानदारीने जुळतो. स्किमॅटिकच्या ईआरसीने मात्र सांगितलं होतं की या सप्लाय पिनला वीज देणारं कोणी नाही. पण तीच तक्रार +५व्हीबद्दलही होती, कारण माझा सप्लाय कनेक्टरमधून यायचा आणि मी पॉवर फ्लॅगचं चिन्ह लावलं नव्हतं. एक तक्रार खोटी म्हणून दुसरीही सोडून दिली. तेव्हापासून पॉवर फ्लॅग लावायचा आळस करत नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा नेटलिस्टची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पॅनेल वायरिंग केलेल्यांना ती लगेच कळेल. पॅनेलमध्ये प्रत्येक वायरीच्या टोकाला फेरूल असतो. ज्या टोकांवर एकच नंबर, ती सगळी एकाच जोडणीची. नेटलिस्ट म्हणजे तेच. पहिल्या भागात सुट्या भागांची यादी: आर१, किंमत १०के, फूटप्रिंट अमुक. दुसऱ्या भागात नेट: नाव, आणि त्याखाली त्यात कोणकोणते पिन. कंस भरपूर, पण वाचता येतं. माझ्या फाइलमध्ये +५व्हीखाली लांबलचक रांग होती: कनेक्टर, कपॅसिटर, दोन्ही चिपचे १० नंबरचे पिन. आणि खाली कुठेतरी व्हीसीसी, त्यात फक्त यू३चा पिन १६ आणि यू४चा पिन १६. सप्लायच्या नेटमध्ये दोनच पिन! हे बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

आता फाइल काढायची कशी. स्किमॅटिक एडिटरच्या फाइल मेनूत एक्स्पोर्ट, त्यात नेटलिस्ट. तिथे प्रकार विचारतो. स्वतः वाचायची असेल तर किकॅडचाच प्रकार घ्या. बोर्ड दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करणारा माणूस असेल तर त्याला विचारून कॅडस्टार किंवा ऑरकॅडचा, नव्या आवृत्त्यांत पॅड्स आणि अलेग्रोचाही मिळतो. सिम्युलेशनसाठी स्पाइस. सात नंबरच्या आवृत्तीपासून हे कमांड लाइनवरूनही होतं, म्हणजे स्क्रिप्टमध्ये टाकून विसरून जाता येतं.

वाचताना मी आधी सप्लाय आणि ग्राउंडचे नेट बघतो आणि मोजतो. चार चिप आहेत, तर ग्राउंडमध्ये चारही हव्यात. व्हीसीसी, व्हीडीडी, +५व्ही, +३व्ही३ अशी नावं शेजारी-शेजारी दिसली की थांबतो आणि प्रत्येकाचा उगम कुठे आहे ते शोधतो. मग एकच पिन असलेले नेट. एका पिनची जोडणी ही जोडणीच नाही. नव्या आवृत्त्यांत मोकळ्या पिनच्या नेटचं नाव अनकनेक्टेडने सुरू होतं, ते तुम्ही मुद्दाम मोकळे सोडले असतील तर ठीक. पण एका पिनच्या नेटला तुम्ही दिलेलं नाव असेल तर लेबल लिहिताना घोळ झालाय हे नक्की.

लेबलवरून आठवलं. लोकल लेबलच्या नावाआधी शीटचा पत्ता तिरप्या रेघेसह लागतो, ग्लोबलच्या आधी लागत नाही. एका शीटवर लोकल एसडीए आणि दुसऱ्यावर ग्लोबल एसडीए लिहिलंत, तर छापलेल्या कागदावर दोन्ही सारखीच वाचली जातात. नेटलिस्टमध्ये मात्र ते दोन वेगळे नेट असतात, आणि सेन्सर काही केल्या बोलत नाही.

सर्किटमध्ये बदल केल्यावर जुनी आणि नवी नेटलिस्ट शेजारी लावून फरक बघायचीही मला सवय आहे. एक रेझिस्टर बदललाय आणि फरक तीन नेटमध्ये दिसतोय, तर माउसने कुठेतरी वायर ओढली गेली आहे. फक्त एक लक्षात ठेवा, नवीन नेट आला की बाकीच्यांचे क्रमांक सरकतात, वरची तारीखही बदलते; तो फरक सोडून द्यायचा.

नेटलिस्टला काय कळत नाही तेही सांगतो. तिला फक्त पिनचे नंबर कळतात. बीसी५४७चा सपाट भाग आपल्याकडे धरला तर पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४चे एमिटर, बेस, कलेक्टर. तापकीर गल्लीत एक मिळाला नाही म्हणून दुसरा आणलात, तर नेटलिस्ट, बोर्ड, डीआरसी सगळं बरोबर आणि ट्रान्झिस्टर उलटा. तिथे डेटाशीट उघडण्याला पर्याय नाही.

आणखी एक नेटलिस्ट असते, तिची गल्लत करू नका: आयपीसी-डी-३५६. ती स्किमॅटिकमधून येत नाही, बोर्ड एडिटरच्या फॅब्रिकेशन आउटपुट्समधून निघते. प्रत्येक पॅड कुठल्या नेटचा आणि बोर्डावर नेमका कुठे, असं त्यात असतं. ८० अक्षरांच्या ओळी, नेटच्या नावाला १४ अक्षरांचीच जागा, त्यामुळे लांब नावं कापलेली दिसतात, घाबरू नका. बोर्ड बनवणारे प्रोब टेकवून तुटलेले आणि चिकटलेले ट्रॅक शोधतात, त्यांच्यासाठी ही फाइल. ती दिली नाही तर ते गर्बरवरूनच जोडण्या काढतात, आणि मग गर्बर काढताना झालेली चूक त्या चाचणीत सापडणार नाही. म्हणून झिपमध्ये हीसुद्धा टाका. माझ्या डिस्प्लेची चूक मात्र हिनेही पकडली नसती, ती त्याच्या खूप आधी झाली होती.

त्या ५० बोर्डांचं काय झालं, हे रेकॉर्डिंगनंतर दोघांनी विचारलं. दोन्ही चिपचे १६ नंबरचे पिन मी आधीच एकमेकांना जोडून ठेवले होते, त्यामुळे दर बोर्डाला एकच वायर पुरली. यू३च्या १६ नंबरच्या पिनपासून शेजारच्या कपॅसिटरच्या पाच व्होल्टच्या पायापर्यंत, दीड सेंटिमीटर. ५० वायरी, एक रविवार.