जीपचं पेट्रोल जातं कुठं?

दारात जुनी फोर-बाय-फोर उभी दिसली की येणारा-जाणारा पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ मालकानं आकडा सांगितला की समोरच्याच्या भुवया वर जातात. त्या आकड्यामागची यंत्रणा मात्र भलतीच मजेदार आहे. थेंब न् थेंब कुठं खर्ची पडतो, बघूया.

टाकीवर बसून सारथ्य
दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपची 57 लिटरची टाकी चक्क ड्रायव्हरच्या सीटखाली होती. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं आधी उतरायचं, गादी उचलायची आणि मग झाकण उघडायचं. एका टाकीत सुमारे 300 मैल जायचं, अशी अपेक्षा. म्हणजे लिटरला साधारण साडेआठ किलोमीटर, तेही रस्ता चांगला असेल तर! पाठीमागे 20 लिटरचा जेरीकॅन अडकवला की आणखी 170 किलोमीटरची सोय.

इंजिन मोठं, दाब कमी
या जीपचं इंजिन 2.2 लिटरचं, ताकद मात्र 60 हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन रेशो होता फक्त 6.48. आजच्या पेट्रोल इंजिनांत तो सहसा दहाच्या आसपास किंवा पुढे असतो. मिश्रण जितकं कमी दाबलं जातं, तितकं त्याच पेट्रोलातून काम कमी निघतं. पण याच कमी दाबामुळे इंजिन हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही तक्रार न करता चालायचं. युद्धात हाच गुण मोलाचा होता.

तीनच गिअर
चौथा गिअर नाही, पाचवा नाही. त्यात अ‍ॅक्सलचा रेशो 4.88. त्यामुळे 80 च्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 2900 फेऱ्या मारत असतं. हा रेशो चिखल आणि चढ यांच्यासाठी निवडलेला; हायवेवर त्याचीच किंमत मोजावी लागते. म्हणून हौशी मालक ओव्हरड्राइव्ह बसवून घेत. त्याने त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या साधारण पाव भागानं कमी होत.

समोर उभी भिंत
जीपची सपाट काच म्हणजे वाऱ्यापुढे उभी केलेली भिंतच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग 60 वरून 80 वर नेला की हा विरोध जवळजवळ पावणेदोनपट होतो. जुन्या जीपला साठच्या आत ठेवणं हा पेट्रोल वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हब फिरवा, पेट्रोल वाचवा
टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालवतानाही पुढची चाकं पुढचा अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि शाफ्ट फुकटच फिरवत राहतात. युद्धानंतर अमेरिकेत स्वस्तात निघालेल्या जीप पाहून आर्थर वॉर्न यांनी 1948 मध्ये यावर लॉकिंग हब काढले. चाकाच्या मधोमध असलेली चकती हातानं फिरवली की चाक मोकळं फिरतं आणि मागचा सगळा लोखंडी संसार शांत राहतो. मात्र चिखलात शिरण्याआधी खाली उतरून ती पुन्हा लॉक करायला विसरायचं नाही.

डांबरावर फोर-बाय-फोर नको
वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. या जुन्या गाड्यांत मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झटापट करतात. मातीत चाक थोडं घसरून मोकळं होतं; कोरड्या डांबरावर टायर झिजतात, गिअर ताणले जातात आणि पेट्रोल वाया जातं.

मोठे टायर, खोटा हिशेब
मूळ मापापेक्षा 10 टक्के मोठे टायर घातले की मीटर कमी किलोमीटर दाखवतो. गाडी 200 किलोमीटर धावली तरी मीटरवर दिसतात 182 च्या आसपास. पेट्रोल 20 लिटर लागलं असेल तर खरं अ‍ॅव्हरेज दहाचं आणि कागदावर नऊचं. गाडीवर नाहक आळ!

माझगावहून डिझेलकडे
1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या माझगावात महिंद्राच्या विलिस जीप जुळू लागल्या. पुढे डिझेल आलं आणि गणित पालटलं. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, शिवाय डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन कितीतरी जास्त. प्यूजोचं 2112 सीसी डिझेल इंजिन घेऊन आलेली एमएम 540 म्हणूनच गावोगावी लाडकी झाली.

लेहमध्ये काळा धूर
साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पेट्रोल सोडतच राहतो. मिश्रण घट्ट होतं, प्लग काळे पडतात, ताकद घटते. तिथं हवेनुसार जेट बदलणारा मिस्त्री भेटला तर त्याचे पाय धरावेत!

ताडोबातली जिप्सी
1985 मध्ये आलेली पहिली मारुती जिप्सी फक्त 970 सीसीची, वजनाला हलकी, त्यामुळे पेट्रोलच्या बाबतीत समजूतदार. पण सफारीत पहिला-दुसरा गिअर, थांबा, पुन्हा निघा, असं चालू असतं. उभ्या गाडीत सुरू असलेलं इंजिन लिटरला शून्य किलोमीटर देतं. प्राणी दिसताच इंजिन बंद करणारा ड्रायव्हर जंगलाची शांतता राखतो आणि पेट्रोलही वाचवतो.

आकडा घसरला तर?
इंजिन उघडण्याआधी एक सोपी तपासणी करा. थोडी चालवून झाल्यावर गाडी थांबवा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या, लावू नका. एकच ड्रम जास्त तापलेला असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहिलाय. मग टायरमधली हवा बघा, चोकची केबल पूर्ण मागे जाते का ते बघा, एअर फिल्टर साफ करा. दर वेळी टाकी फुल करून किलोमीटर वहीत लिहा. नेहमी आठ देणारी जीप सहावर आली, तर बिघाडाची खबर मिस्त्रीच्या आधी तुम्हाला त्या वहीतून मिळेल. नव्या गाडीशी तुलना करून या जीपना भंगारात काढू नका. आठ हा त्यांचा तब्येतीचा आकडा आहे, तो टिकवणं आपल्या हातात आहे.