कॉन्टॅक्ट लेन्सची निगा आणि नेत्रसंसर्ग : चिकित्सक व औषध विक्रेत्यांची जबाबदारी

सातारा, कऱ्हाड, सांगली व मिरज या शहरांतील तरुण वर्गात कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर आता नवलाचा राहिलेला नाही. डोळ्यांत कोरडेपणा वा लाली जाणवू लागली की यांपैकी अनेक जण प्रथम वैद्यांकडे अथवा औषधाच्या दुकानात येतात. म्हणून या विषयाची माहिती सभासदांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बायोफिल्म म्हणजे काय?

ओलसर पृष्ठभागाला चिकटलेले जीवाणू स्वतःभोवती शर्करा व प्रथिनांचा बुळबुळीत थर निर्माण करतात. या थरास बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारे कीट, पाण्याच्या टाकीच्या आतील निसरडेपणा ही त्याचीच रूपे होत. मोकळा जीवाणू ज्या जंतुनाशकाने सहज मरतो, तोच या थराच्या आश्रयाने तग धरतो. लेन्सपेक्षाही लेन्सची डबी हे त्याचे आवडते स्थान होय.

डबीतून स्यूडोमोनास एरुजिनोसासारखे जीवाणू लेन्सवर व तेथून डोळ्यांत पोहोचतात. लेन्स लावून झोपल्यास स्वच्छमंडलास प्राणवायू कमी मिळतो, अश्रूंचे क्षालनकार्य मंदावते आणि सूक्ष्म ओरखड्यातून व्रण उद्भवतो. हा व्रण एक-दोन दिवसांतच गंभीर रूप धारण करू शकतो. अकॅन्थामीबा हा आदिजीव तर या थरातील जीवाणूंवरच पोसला जातो. तो नळ, विहीर व नदीच्या पाण्यात आढळतो आणि त्याचे कोष क्लोरिनलाही दाद देत नाहीत. कृष्णाकाठाने २००५, २०१९ व २०२१ चे महापूर अनुभवले आहेत. परंतु पूर नसतानाही पिण्यायोग्य पाणी लेन्ससाठी निर्जंतुक नसते, हे ध्यानी घ्यावे.

दोन बोलके दाखले

२००६ साली अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांत फ्युजेरियम बुरशीच्या नेत्रसंसर्गाचे १६४ निश्चित रुग्ण आढळले आणि संबंधित सोल्यूशन जगभरातून मागे घेण्यात आले. डबीतील जुने सोल्यूशन पुन्हा वापरण्याची सवय रुग्णांमध्ये अधिक दिसून आली. उसाचे पाते लागून होणाऱ्या नेत्रव्रणातही हीच बुरशी आढळते. २०२३ साली तमिळनाडूत तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंशी निगडित असा औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासचा प्रादुर्भाव अमेरिकेत झाला. त्यात ८१ रुग्ण आढळले, चौघे दगावले व १४ जणांची दृष्टी गेली. डोळ्यांत घालावयाचे औषध निर्जंतुकच हवे, हा त्याचा बोध.

रुग्णास सांगावयाचे नियम

१. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.
२. सोल्यूशनमध्ये न चोळण्याची सोय सांगितली असली तरी लेन्स तळहातावर चोळून मगच धुवावी. चोळण्याने थर सुटतो.
३. रोज नवे सोल्यूशन घ्यावे. जुन्यात भर घालू नये.
४. डबी पाण्याने न धुता सोल्यूशनने धुऊन पुसावी, उघडी पालथी ठेवून वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी.
५. लेन्स लावून झोपू नये, स्नान करू नये, पोहू नये.
६. हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोल्यूशन निष्प्रभ झाल्याखेरीज लेन्स डोळ्यांत घालू नये.

आपल्या चिकित्सेपुरते

नेत्रतर्पण, अंजन, आश्च्योतन यांपूर्वी लेन्स काढून घ्यावी. घृत व अंजनाचे कण लेन्सवर बसून जंतूंना आसरा देतात. घरी केलेला त्रिफळा क्वाथ, मध वा गुलाबजल लेन्स धुण्यासाठी अथवा लेन्सवरून डोळ्यांत घालण्यासाठी कदापि सुचवू नये. क्वाथ गाळला म्हणून निर्जंतुक होत नाही.

तीव्र वेदना, प्रकाश असह्य होणे, पू, दृष्टिमांद्य किंवा कृष्णमंडलावर पांढरा ठिपका दिसल्यास सुश्रुतोक्त सव्रण शुक्राचे स्मरण ठेवावे. लेन्स त्वरित काढावी, ती व डबी तपासणीसाठी जपून ठेवावी आणि रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. औषध विक्रेत्यांनी अशा रुग्णास चिठ्ठीविना स्टेरॉइडयुक्त थेंब देऊ नयेत. लाली तात्पुरती ओसरते, व्रण मात्र खोलवर पसरतो. लेन्सच्या सोल्यूशनची बाटली विकताना डबीविषयी दोन शब्द सांगण्यास अर्धा मिनिट लागतो. तेवढ्याने एखाद्याची दृष्टी वाचत असेल, तर तो वेळ सत्कारणी लागला असे आम्ही मानतो.